गोरक्षच्या पोटातला माझा मुक्काम

हसणार नसाल तर सांगते, मी एक नळी आहे. स्वयंपाकघरातल्या गॅसची नाही, स्टोव्हची नाही, शेतात पाणी फिरवणारी तर मुळीच नाही. वीतभर लांबी, बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक अंग आणि दोन्ही टोकांना एकेक वेटोळं, एवढाच माझा थाट. किडनीतून लघवीच्या पिशवीत उतरणारी एक बारीक वाट प्रत्येक माणसाच्या पोटात असते. ती वाट आवळली, की तिच्यात मला ठेवतात. चारचौघांत अभिमानानं सांगावी अशी ही जागा नाही, हे मलाही कळतं. पण माझा जन्मच त्यासाठी, त्याला मी तरी काय करू?

जन्म माझा परदेशातला. तिथलं मला फारसं आठवत नाही, कारण डोळे उघडले तेच मुळी बंद पाकिटात. त्या काळी माझ्यासारख्या नळ्या इकडे सहज मिळत नसत. डॉक्टर कोठावदे मुंबईला शिकत होते, तेव्हा बाहेरून येणाऱ्या कुणा मित्रानं त्यांना आम्हा चौघी-पाचजणींना आणून दिलं. पुढे त्यांनी नाशिकला दवाखाना काढला आणि आमची रवानगी तपासणीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात झाली. डॉक्टर अधूनमधून कपाट उघडायचे, पाकीट हातात घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. लग्नाच्या मुलीला बघायला यावं, पोहे खाऊन जावं आणि पुढे काही कळवूच नये, तशी माझी गत झाली होती.

मग सत्याऐंशी सालच्या पावसाळ्याच्या शेवटी गोरक्ष आला.

तिशी नुकतीच ओलांडलेला, उंचापुरा, पण चेहरा सुजलेला. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका खेड्यात त्याची द्राक्षाची बाग होती. सोबत त्याची बायको लताबाई. ती त्याला दंडाला धरून आत घेऊन आली आणि डॉक्टरांनी विचारायच्या आतच म्हणाली, "ह्यांचे पाय बघा आधी. चपलेचा पट्टा रुतून बसतो, तरी म्हणतात मला काय नाय झालं."

"अगं, चालून चालून सुजले असतील," गोरक्ष म्हणाला.

"बागेत खुर्ची टाकून बसता दिवसभर. चालता कुठं?"

कपाटातून मी सगळं ऐकत होते. हळूहळू त्याची कहाणी कळली. गोरक्षच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या पार निकामी झाल्या होत्या. वर्षभर मशीनवर रक्त धुऊन घेत त्यानं दिवस ढकलले. बागेत मोटारीचं पाणी पाटातून खळाळत जायचं आणि ह्याला मात्र ओठ ओले करायचीही चोरी. शेवटी उन्हाळ्यात मुंबईला ऑपरेशन झालं आणि त्याच्या थोरल्या बहिणीनं, कुसाबाईनं, आपली एक किडनी त्याला दिली. कुसाबाई लासलगावला दिलेली. तिच्या सासूनं बराच कांगावा केला, पोरंबाळं असलेल्या बाईनं असलं धाडस करू नये म्हणून चार बायका घरी बोलावल्या. पण कुसाबाईनं कुणाचं ऐकलं नाही. ती किडनी गोरक्षच्या ओटीपोटात उजव्या बाजूला बसवली, तिची वाट त्याच्या लघवीच्या पिशवीला जोडली आणि भाऊ घरी परतला. दोन-तीन महिने सगळं झकास चाललं.

आणि आता ही सूज.

डॉक्टरांनी लताबाईला रक्ताच्या तपासणीसाठी चिठ्ठी घेऊन बाहेर पाठवलं. ती गेल्यावर खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "लघवी किती दिवस कमी होतेय?"

गोरक्ष खाली बघत म्हणाला, "झाले पंधरा दिवस. जास्तच असतील."

"आणि बोलला नाहीत?"

"कसं बोलणार साहेब? आक्काच्या सासरी टपूनच बसलेत सगळे. म्हणतील, कुसाबाईनं किडनी दिली, ती पण हलकी निघाली. आक्का तर जीवच सोडेल. दुखत काहीच नव्हतं, म्हटलं होईल आपोआप बरं."

त्याचं दुखत नव्हतं हे खरं होतं. बसवलेल्या किडनीचं दुखणं सांगणाऱ्या नसा नव्या घरात जोडलेल्या नसतात. ती बिचारी आतल्या आत फुगत राहते आणि मालकाला पत्ता लागत नाही. पण पंधरा दिवस गप्प बसायला तेवढंच कारण नव्हतं. बहिणीच्या नावाला बोल लागू नये म्हणून हा माणूस तिची किडनीच गमवायला निघाला होता. मला त्याचा राग आला आणि मायाही वाटली.

सोनोग्राफीत किडनी टम्म फुगलेली दिसली. डॉक्टरांनी त्याच दिवशी एक्स-रेच्या पडद्यावर बघत ओटीपोटावरून एक सुई हलकेच किडनीत घातली आणि अडलेली लघवी बाहेर पिशवीत काढायला सुरुवात केली. पिशवी भरली, दुसरी लावली, तीही भरली. दोन-तीन दिवसांत पाय उतरले, रक्तातलं विष उतरलं. डॉक्टर रिपोर्ट घेऊन त्याच्या पलंगाशी आले.

"गोरक्षराव, किडनी एक नंबर आहे. वाट बंद होती, म्हणून ती तुंबली. लघवीच्या पिशवीला जिथं जोडलंय ना, तिथं वाट आवळलीय."

"म्हणजे आक्काची किडनी चांगली हाय?"

"उत्तम आहे."

गोरक्षनं टॉवेल तोंडावर घेतला. एवढा धिप्पाड गडी, पण त्याचे खांदे हलत होते. लताबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बघा, उगाच लपवत होता."

प्रश्न मात्र सुटला नव्हता. जन्मभर पोटाला पिशवी लावून शेती होत नाही. पोट पुन्हा उघडून वाट नव्यानं जोडायची तर आत सगळं चिकटलेलं, त्यात किडनीलाच धक्का बसायची भीती. डॉक्टर म्हणाले, "दुसरी एक रीत आहे. सुईनं भोक पाडलंय तिथूनच बारीक तार आत घालायची, आवळलेल्या जागेतून पलीकडे न्यायची आणि तारेवरून एक फुगा नेऊन तिथं फुगवायचा. वाट रुंद झाली की तिच्यात नळी ठेवायची. पोट फाडायचं काम नाही."

"फुगा?" गोरक्षनं विचारलं. "जत्रेतला?"

"जत्रेतला नाही, पण फुगाच."

आणि डॉक्टर कपाटाकडे वळले. पाकीट फाडल्याचा आवाज आला. काय सांगू, माझ्या अंगावर काटाच आला असता, अंग तेवढं मऊ असतं तर.

त्या खोलीत टीव्हीसारखा एक पडदा होता. त्यावर गोरक्षच्या पोटातलं सगळं करड्या सावलीसारखं दिसत होतं. तार किडनीतून खाली उतरली आणि आवळलेल्या जागेशी अडली. डॉक्टरांनी ती मागे घेतली, वळवली, पुन्हा घातली. पुन्हा अडली. सिस्टर त्यांच्या कपाळावरचा घाम टिपत होती. गोरक्ष जागाच होता, छताकडे बघत पुटपुटत होता, "आक्का, थांब गं, थांब." एकदम तार सरकली आणि पलीकडे गेली. मग फुगा गेला. फुगवताना तो मध्ये आवळलेला दिसला, करकचून दोरी बांधल्यासारखा. डॉक्टर दम धरून थांबले. ती आवळलेली जागा हळूहळू सैल होत गेली आणि मग दिसेनाशी झाली. कुणीतरी "गेली, गेली" म्हणालं.

आता माझी पाळी होती. तारेवरून मला आत सरकवलं. तार काढून घेताच माझी दोन्ही टोकं आपसूक वळली, एक किडनीत, एक लघवीच्या पिशवीत. दमून आलेल्या पाहुण्यानं मांडी घालून बसावं तशी मी बसले.

"ही नळी सहा आठवड्यांनी काढायची," पोटावरची पिशवी काढून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं. "तोवर वाट तिच्याभोवती नीट भरून येईल. पण विसरायचं नाही. दिवाळी झाली की या." गोरक्षनं मान डोलावली. मान डोलावण्यात तो पटाईत होता.

आत अंधार होता, ऊब होती. किडनीचं काम सारखं चालू. थेंब थेंब माझ्यातून आणि माझ्या कडेनं उतरायचा. मी तिला पाहिलं नव्हतं तोवर आक्काची किडनी, आक्काची किडनी असं ऐकूनच होते. आता शेजारीच राहिले आणि तिच्यावर जीव जडला. कसलीही कुरकूर नाही, परक्या घरात येऊन पदर खोचून कामाला लागलेली.

माझा गोरक्षला जाच मात्र होता, हे कबूल करायला हवं. माझं खालचं टोक लघवीच्या पिशवीत टोचायचं आणि त्याला घडीघडी लघवीला लागायची. बागेची ऑक्टोबर छाटणी चालू होती. मजूर कात्र्या चालवायचे आणि हा दर थोड्या वेळानं बांधाकडे निघायचा. एकजण म्हणाला, "मालक, तिकडच्या वेलींना बी पाणी पोहोचतंय म्हणायचं!" सगळे हसले, गोरक्षही हसला. वर्षभर लघवी न झालेल्या माणसाला त्या खेपांचं सुख काय होतं, ते त्या मजुराला कुठलं कळायला.

कुसाबाई एसटीनं भेटायला यायची. उंबऱ्यातूनच ओरडायची, "माझी ठेव कशी हाय रे?"

"मजेत हाय. तुझी आठवण काढते."

मग ती त्याच्या ओटीपोटावर बोटांनी हळूच टकटक करायची, आपल्या लेकीला सासरी बघायला आल्यासारखी. तो मागचा अडथळा तिला नंतर लताबाईनं सांगितला होता. तेव्हा ती भावाशी दोन दिवस बोलली नव्हती. नळी काढायची बाकी आहे, हे मात्र तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दिवाळी झाली. लताबाई म्हणाली, "अहो, नाशिकला जायचं ना?"

गोरक्ष म्हणाला, "नाय जायचं."

त्याचं म्हणणं असं. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टंचाईत त्यानं बागेत बोअर मारला होता. वरची माती ढासळू नये म्हणून बोअरला केसिंगचा पाईप टाकतात. आता एकदा टाकलेलं केसिंग कुणी उपसून काढतं का? उपसलं की माती आत घसरली आणि बोअर गेला म्हणून समजा. मग वाट मोकळी ठेवणारी नळी कशी काय काढायची? "डॉक्टरला दवाखान्यातलं कळतं, मला बोअरचं कळतं," तो म्हणाला. लताबाईच्या माहेरीही बोअर होता. तिला ते पटलं. दोघांनी मिळून मला तिथंच कायमची ठेवायचं ठरवलं.

मी आतून कितीही ओरडले तरी ऐकणार कोण? मी काही लोखंडाचा पाईप नव्हे. माझ्या अंगाला क्षार धरू लागला, बंबाला आतून धरतो तसा. माझं वरचं टोक जड झालं, आतली पोकळी भरत चालली. त्यात गोरक्ष ज्या गोळ्या घ्यायचा, त्या शरीराला दुसऱ्याची किडनी सहन करायला लावतात, पण रोगाशी लढायची ताकदही कमी करतात. जानेवारीच्या थंडीत, द्राक्षाचे मणी फुगत असताना, त्याला हुडहुडी भरून ताप आला. लघवी गढूळ झाली. लताबाई घाबरली, पण तो दवाखान्याचं नाव काढू देईना. "तिथं गेलो की ते नळी काढतील," एवढंच म्हणायचा. शेवटी तिनं कांद्याच्या टेम्पोवाल्याजवळ लासलगावला निरोप धाडला.

कुसाबाई दुपारी आली ती थेट त्याच्या खाटेशी. कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ऊठ. गाडी आणलीय."

"आक्का, तुला ठाऊक नाय." त्यानं कापऱ्या आवाजात सगळं सांगितलं, केसिंगचं, बोअरचं, ढासळणाऱ्या मातीचं.

तिनं मध्ये बोलून त्याला तोडलं नाही. मग खाटेवर बसली. "मुंबईत टाके काढायचे होते तेव्हा काय म्हणाला होतास?"

त्यानं गोधडी नाकापर्यंत ओढली.

"पलंगाची दांडी धरून बसला होतास. सिस्टर, नको, पोट उसवेल. मग मी म्हटलं, आधी माझे काढा, त्याला बघू द्या. उसवलं का माझं?"

"ते वरचं कातडं, आक्का."

"आतलं बी कातडंच हाय. मातीचं नाय. तुझ्या पोटात काय बोअर मारलाय होय रे?"

लताबाईला त्या तसल्या वेळीही हसू फुटलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. गोरक्ष हसला नाही. "आणि बुजली वाट परत तर? तुझी किडनी गेली तर? तुझ्याजवळ आता दुसरी द्यायला पण नाय. काय तोंड दाखवू तुला? सासरी काय ऐकून घेशील?"

"सासरच्यांना नाय दिली मी. तुला दिली. गेली तर गेली, आपण दोघं बसून रडू. पण तू मला न सांगता एकट्यानं मरायला निघतोस, ते मला नाय सहन होत. त्या वेळी बी लपवलंस, आता बी. मी काय परकी हाय का रे?"

गोरक्षनं तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, लहानपणी धरत असेल तसं. मग तो म्हणाला, "लता, माझा स्वेटर दे."

डॉक्टर रागावले, पण थोडंच. आधी इंजेक्शनं देऊन ताप उतरवला. मग एका सकाळी लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून त्यांनी माझं खालचं टोक चिमट्यात धरलं. मी सुटता सुटेना. क्षारानं मला वर धरून ठेवलं होतं. जोर लावला असता तर वाट फाटली असती. डॉक्टर थांबले, हलकेच फिरवलं, पुन्हा थांबले. गोरक्षनं दात आवळून धरले होते. शेवटी क्षाराची खपली निसटली आणि मी त्या उबेतून बाहेर, उजेडात आले. आक्काच्या किडनीचा निरोप घ्यायलाही सवड मिळाली नाही.

डॉक्टरांनी मला धुऊन औषधाच्या बाटलीत घातलं आणि बाटली गोरक्षच्या पलंगाजवळच्या खिडकीत ठेवली, ही बघा तुमची नळी म्हणून. "आता नळीचा आधार नाही," ते म्हणाले. "वाट भरून आलीय का, ते आता लघवीच सांगेल."

तो दिवस मी कधी विसरणार नाही. गोरक्ष पाणी पीत होता आणि वाट बघत होता. कुसाबाई शेजारच्या स्टुलावर बसून वाती वळत होती. हात चालले होते, पण वाती सगळ्या वाकड्या होत होत्या. लताबाई उगाचच चादरीच्या सुरकुत्या काढत होती. मी खिडकीतून बघत होते आणि आता मला काहीच करता येत नव्हतं. दुपार झाली. गोरक्षचा चेहरा पांढरा पडत चालला.

मग तो हळूच म्हणाला, "लता, भांडं दे."

पडदा ओढला. आणि पडद्यामागून आवाज आला, आधी थांबत थांबत, मग एकसारखा, जोरात, संपता संपेना. लताबाईनं डोळे मिटून घेतले. पडद्याच्या फटीतून काचेचं भांडं बाहेर आलं तेव्हा ते घ्यायला ती पुढे झाली, पण तिच्याआधी कुसाबाई उठली होती. तिनं ते भांडं दोन्ही हातांत घेतलं. पिवळंधमक, स्वच्छ, काठोकाठ.

"गरम हाय," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आक्का, ठेव ते खाली," गोरक्ष पडद्यामागून ओशाळून म्हणाला. "शोभतं का?"

"थांब रे जरा. बघू दे मला."

डॉक्टर दारात आले होते. भांडं मोजायला न्यायचं होतं, पण ते तिथंच उभे राहिले. तिनं आपण होऊन दिलं तेव्हाच त्यांनी हात पुढे केला.

पुढचे दिवस लघवी तशीच होत राहिली आणि रक्ताची तपासणीही चांगली आली. आज या गोष्टीला बरेच महिने झाले. मी अजून त्याच बाटलीत, डॉक्टरांच्या टेबलावर आहे. अंग पिवळं पडलंय, टोकाला क्षाराची गाठ तशीच. नवा पेशंट आला की डॉक्टर मला उजेडात धरून दाखवतात. माझीही तुम्हाला एवढीच विनवणी आहे. माझ्यासारखी कुणी तुमच्या पोटात मुक्कामाला असेल तर तिला ठरलेल्या दिवशी काढायला या. मनात भीती असेल तर ती डॉक्टरांना बोलून दाखवा, घरच्यांना बोलून दाखवा, पण या.

गोरक्ष घरी निघाला ती सकाळ सांगते आणि तुमचा निरोप घेते. सामान बांधून झालं होतं. कुसाबाईनं पिशवी उचलायला हात घातला.

"आण इकडं," गोरक्ष म्हणाला. "तुला जड उचलायला बंदी हाय."

"तुला बी हाय."

"मी पुरुष माणूस हाय."

"असशील. किडनी बाईमाणसाची हाय."

दोघांनी पिशवीचा एकेक बंद धरला आणि कुणी सोडेना. लताबाईनं मागून येऊन पिशवी दोघांच्या हातांतून काढून घेतली आणि चालायला लागली. भाऊ-बहीण तिच्या मागोमाग भांडत, हसत निघाली. खिडकीतल्या बाटलीकडे वळून कुणी पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगते, मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.